मांच्युरियन मुंबईचं, तिरफळ आजीचं

"मामा, या खेपेला खरंखुरं चायनीज हं! आमच्या नाक्यावरच्या गाडीसारखं नको." चौलहून निघायच्या आदल्या रात्री भाचीनं मला फोनवर बजावलं. ती आठवीत, तिचा भाऊ पाचवीत. त्याचं एवढंच मागणं, "मला ट्रिपल शेजवान!"

दुसऱ्या दिवशी दोघं वडिलांबरोबर मांडव्याहून रो-रो बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरली. भाऊचा धक्का म्हणजे माझगाव, आणि खऱ्या चायनीजची गोष्ट सुरू करायला माझगावइतकी चांगली जागा मुंबईत दुसरी नाही. इथंच, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, एक छोटंसं लाल चिनी देऊळ आहे. नाव सी यिप कून. 1919 साली बांधलेलं. दक्षिण चीनमधल्या कँटनजवळच्या चार तालुक्यांतली माणसं मुंबई बंदरात कामाला आली आणि या भागात राहिली, त्यांचं हे देऊळ. बाहेरून बघाल तर जुन्या मुंबईतलं साधं दुमजली घर वाटेल.

तिथून आम्ही फोर्टातल्या एका साध्याशा हॉटेलात गेलो. सात-आठ टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, गल्ल्यावर साठीचे मालक. चेहरा चिनी, बोलणं अस्सल मुंबईचं. भाच्यानं मेनूकार्ड दोनदा उलटंपालटं केलं. ट्रिपल शेजवान नव्हतंच!

"मग मांच्युरियन?" तो रडकुंडीला आला.

मालक उठून आमच्या टेबलाशी आले. "अरे बेटा, मांच्युरियन तर तुमच्या मुंबईचं आहे. चीनमध्ये मागशील तर कुणाला कळणार पण नाही."

खरं आहे ते. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा मुलूख, पण या पदार्थाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नेल्सन वांग या नावाचे आचारी होते, चिनी वंशाचे, जन्म कोलकात्याचा. 1975 साली ते मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात होते. तिथल्या एका गिऱ्हाइकानं काहीतरी नवीन करून मागितलं. त्यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळले, आलं-लसूण-हिरवी मिरची परतली, आणि गरम मसाल्याऐवजी घातला सोया सॉस! अशी ही त्यांनीच सांगितलेली जन्मकथा. पुढं कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबीचे गोळे आले आणि मांच्युरियन पार चौलच्या नाक्यापर्यंत पोचलं.

"आणि हक्का नूडल्स? हक्का कुठं आलं?" भाचीनं विचारलं. हक्का हे गावच नव्हे, मंडळी. ते लोकांचं नाव. हक्का म्हणजे पाहुणे! चीनमध्येच एका भागातून दुसऱ्या भागात जाऊन राहिलेले, म्हणून पाहुणे. त्यातले पुष्कळजण कोलकात्याला आले, टांगरा भागात त्यांनी कातडी कमावायचे कारखाने काढले आणि आपल्या नूडल्सना आपलं नाव देऊन गेले.

एव्हाना मालकांनी स्वतःच ऑर्डर ठरवून टाकली होती. "माझे आजोबा कँटनकडचे. आमच्याकडे तिखट जवळजवळ नाही. वाफवलेली मासळी, आलं, कांद्याची पात, झालं. पण ह्याला शेजवान पायजे ना? मग खरं शेजवान खाऊ दे." आपल्याकडे कसं मालवणी वेगळं, वऱ्हाडी वेगळं, तसंच तिकडंही. शेजवान म्हणजे सिच्वान, चीनच्या नैर्ऋत्येचा डोंगराळ, दमट प्रांत. पदार्थ आला तो मापो तोफू. लालभडक तेलात सोयाबीनच्या पनीरचे थरथरणारे तुकडे. मापो म्हणजे चेहऱ्यावर देवीचे वण असलेली म्हातारी. एकोणिसाव्या शतकात चंग्तू शहरात अशा एका बाईंच्या खानावळीत तो मिळायचा म्हणे, म्हणून हे नाव.

भाच्यानं मोठा घास घेतला. मग थांबला. डोळे विस्फारले.

"मामा, जीभ झोपली माझी!"

"माझी गुणगुणतेय," भाची म्हणाली. आणि दुसऱ्या घासाला तिनं चमचा नाकाशी नेला. "थांबा... हा आजीच्या बांगड्याचा वास आहे!"

मी हसलो, पण पोरगी बरोबर होती. तिची आजी लग्न होऊन चौलला आली ती मालवणहून, आणि बांगड्याच्या आमटीत ती तिरफळं टाकल्याशिवाय राहत नाही. सिच्वानची ही जीभ बधिर करणारी मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण. दोन्ही झाडं एकाच प्रजातीगटातली, दोन्ही लिंबाच्या कुळातली, दोघांच्या अंगावर काटे. दोघांचंही काळं बी टाकून द्यायचं आणि वरचं साल वापरायचं. 2013 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी ही मिरी लोकांच्या ओठांना लावून पाहिली. ओठ सेकंदाला सुमारे 50 वेळा थरथरल्यासारखे वाटतात, असं त्यांना आढळलं. ओठ खरे हलत नाहीत बरं का, स्पर्शाच्या नसा फसतात!

गंमत अशी, की गाडीवरच्या लाल शेजवान चटणीत ही मिरी बहुधा नसतेच. तिथं नुसती लाल मिरची आणि लसूण. आणि मिरची तर ना सिच्वानची, ना कोकणची. ती मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. तुमच्या रेवदंड्याचा कोट त्यांचाच की! चीनमध्ये 1591 सालच्या एका पुस्तकात तिचा उल्लेख सापडतो, तोही शोभेचं झाड म्हणून. म्हणजे सिच्वानला त्याआधी शेकडो वर्षं ती बधिर करणारी मिरी होती. बोटींनी काय काय इकडचं तिकडं केलं पाहा. चौलच्या जुन्या बंदरात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत, ते असेच आलेले.

बिल देताना भाच्यानं मालकांना विचारलंच, "काका, तुम्ही चीनमधून कधी आलात?"

"मी? माझगावहून. आज सकाळी, बसनं."

आम्ही हसलो. ते मात्र अर्धवटच हसले. हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला असणार. 1962 साली चीनशी युद्ध झालं तेव्हा आसाम, बंगालमधल्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना आगगाडीत घालून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यात शाळेत जाणारी मुलं होती, म्हाताऱ्या होत्या. काहीजण तिथं वर्षानुवर्षं राहिले. सुटून आले तर घरं-दुकानं दुसऱ्यांच्या ताब्यात. मग बरेच कॅनडाला निघून गेले. मुंबईतली वस्तीही विरळ होत गेली.

हे मी मुलांना टॅक्सीत सांगितलं. भाचा गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मी असं विचारायला नको होतं का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. भाची म्हणाली, "आजीची तिरफळं त्यांना नेऊन देऊया."

रात्री चौलला पोचल्यावर त्यांचा फोन आला. आजीला सगळी हकिगत सांगून झाली होती. तिरफळं पुडीत बांधूनही ठेवली होती. आजीची शंका मात्र वेगळीच.

"मगे ते लोक बांगड्यात घालतत की नाय?"

"आजी, सिच्वानला समुद्रच नाही!"

"अरेरे," आजी म्हणाली.