विकिपीडियावर ‘सावधान’ अशी पाटी का नसते?

ओटीटीवर वेब सिरीज लावली की कोपऱ्यात वयाची आणि हिंसेची सूचना दिसते. यूट्यूबही काही व्हिडिओंआधी विचारून घेतं. पण विकिपीडियावर एखाद्या आजाराचा किंवा युद्धाचा लेख उघडला, तर फोटो थेट समोर येतात. असं का?

हे ठरवूनच केलंय

लेखात इशारे टाकायचे नाहीत, असं इंग्रजी विकिपीडियाचं धोरणच आहे. सगळ्या साइटसाठी मिळून एकच सूचना आहे, तीही पानाच्या तळाशी असलेल्या लिंकमागे. पूर्वी सिनेमा-कादंबऱ्यांच्या लेखांवर ‘स्पॉयलर’ची पाटी असायची, २००७ मध्ये तीही गेली. ‘कथानक’ या मथळ्याखाली कथानकच असणार, हे वेगळं कशाला सांगायचं?

अडचण कुठे आली?

एकाला रक्त बघवत नाही, दुसऱ्याला नग्नता खटकते, तिसऱ्याला कोळ्याची भीती वाटते. मेडिकलच्या विद्यार्थ्याला मात्र तेच चित्र हवं असतं. मग इशारा कशावर लावायचा, हे कुणी ठरवायचं?

२०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने मधला मार्ग सुचवला: ज्याला हवा त्याने चालू करायचा चित्रांचा फिल्टर. जर्मन विकिपीडियाच्या संपादकांनी मोठ्या बहुमताने तो नाकारला. आक्षेप असा, की फिल्टर चालण्यासाठी आधी चित्रांवर ‘आक्षेपार्ह’ असे शिक्के मारावे लागतील. आणि एकदा शिक्के तयार झाले, की सरकार किंवा इंटरनेट कंपनीही त्यांच्या आधारे चित्रं अडवू शकेल. २०१२ मध्ये योजना मागे घेतली गेली.

मग वाचकाने काय करायचं?

शिक्क्यांना विरोध पटण्यासारखा आहे. पण स्वतःच्या ऑपरेशनची माहिती शोधणारा माणूस पहिला फोटो बघून पान बंद करत असेल, तर त्याला माहितीच मिळाली नाही. त्याला पाटी नको, बटण हवं. विकिपीडियावर तसं सोपं बटण नाही; चित्रं लपवायची तर खातं उघडून कोड टाकावा लागतो.

तोवर लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये हे करता येतं:

१. विकिपीडिया उघडून वेबपत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा.
२. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जा.
३. ‘इमेजेस’समोर ‘ब्लॉक’ निवडा.
४. पान रिफ्रेश करा.

मजकूर पूर्ण दिसेल, चित्रं दिसणार नाहीत. हवी तेव्हा तिथेच ‘अलाऊ’ करा. कुठल्याही चित्रावर शिक्का न मारता, काय बघायचं ते तुम्हीच ठरवलेलं असेल.