‘वाडीतल्या’ या शब्दाखाली लाल रेघ का येते?

गिरगावातल्या जुन्या लाकडी घरांवर पोस्ट लिहायला घेतली, लॅपटॉपवर ‘खोताच्या वाडीतल्या घरांना’ असं टाईप केलं, आणि शब्दांखाली लाल रेघ उमटली. असं अनेकांचं होतं. शब्द तर बरोबर आहेत. मग कॉम्प्युटरला खटकलं काय?

खटकलं एवढंच, की हे शब्द त्याला कुणी शिकवलेच नव्हते. मराठीत हे शिकवण्याचं बरंचसं काम पगारी माणसांनी नाही, तर नोकरी सांभाळून संध्याकाळी बसणाऱ्या सॉफ्टवेअर डेव्हलपर्सनी केलंय. ते नेमकं काय करतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

शुद्धलेखन तपासणारं एक प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर आहे, हनस्पेल. लाझ्लो नेमेथ या हंगेरियन डेव्हलपरने ते आपल्या भाषेसाठी बनवलं. कारण त्याआधीची साधनं इंग्रजीच्या मापाने शिवलेली होती आणि हंगेरियनमध्ये, आपल्यासारखेच, शब्दाला एकापुढे एक प्रत्यय चिकटतात. आज लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये तेच वापरलं जातं. (फोनच्या कीबोर्डमध्ये शब्द सुचवणारी यंत्रणा वेगळी असते, ती इथे बाजूला ठेवू.)

हनस्पेलला भाषा शिकवायला दोन फायली लागतात. दोन्ही साध्या मजकुराच्या, नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या. एकीत मूळ शब्दांची यादी आणि प्रत्येक शब्दापुढे एक खूण. दुसरीत त्या खुणेचा अर्थ: शेवटचं अमुक अक्षर काढा, तमुक जोडा. म्हणजे ‘वाडी’ एकदाच लिहायचं आणि वाडीत, वाडीला, वाडीची, वाडीतला, वाडीतून, वाडीपासून ही सगळी रूपं नियमांनी तयार होतात. इंग्रजी नामाची दोन-चार रूपं झाली की काम संपतं. मराठीत ‘वाडीतल्यांनाही’पर्यंत गाडी जाते. शिवाय अनेकवचन वेगळं: वाड्या, वाड्यांत, वाड्यांमधून. एका शब्दाची रूपं सहज शंभरावर जातात. त्यात हनस्पेल एकावर एक असे दोनच प्रत्यय सोलून बघतं, त्यामुळे ‘तल्यांनाही’सारखे जोडप्रत्यय आधीच एकत्र बांधून द्यावे लागतात.

इथपर्यंत हे कोडिंगचं काम वाटतं. खरी गंमत पुढे आहे.

‘वाडी’ला चालतो तो नियम ‘पाणी’ला लावला की ‘पाणीत’ तयार होतं. मराठीत ते ‘पाण्यात’ असतं. बरं, पाणी नपुंसकलिंगी म्हणून वेगळं, असं म्हणावं तर पुल्लिंगी शब्द आपसातच भांडतात: माळी-माळ्याला, पण हत्ती-हत्तीला. शेवटचं अक्षर तिथेही ‘ई’च. ऱ्हस्व-दीर्घाची वेगळीच कथा. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं, पण ‘दूत’चं ‘दूताला’च राहतं, कारण दूत संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम. महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे 14 लेखननियम स्वीकारले, 1972 मध्ये त्यात 4 नियमांची भर पडली. हे 18 नियम माणसासाठी लिहिलेले आहेत. शब्द तत्सम आहे की नाही, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल असं ते गृहीत धरतात. कॉम्प्युटरला ते ठाऊक नसतं, म्हणून शब्दामागून शब्द तपासून कुणीतरी खूण करावी लागते.

एकट्या डेव्हलपरला हे झेपत नाही. व्याकरण जाणणारी माणसं शेजारी लागतात आणि स्थानिक गटांचं महत्त्व इथेच आहे. मुंबईत 2000च्या सुमारास ‘इंडलिनक्स’ हा गट उभा राहिला, लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी. देवनागरीचा ‘गार्गी’ हा मुक्त फॉन्ट याच चळवळीतला. आज ‘फॉस युनायटेड’च्या मुंबईतल्या बैठकांना मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारी मंडळी जमतात. मुक्त सॉफ्टवेअरची फाईल कुणालाही उघडता येते, बदल सुचवता येतो. दुसरं कुणीतरी तो तपासतं आणि मगच तो सगळ्यांपर्यंत जातो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले, तेव्हा त्यावरही असंच काम करता आलं.

अक्षरांची लढाई याहून जुनी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा फरक पडद्यावर दिसायला ‘ऱ्य’ नीट जुळणारा फॉन्ट लागतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट 2008 मध्ये. गिरगाव-काळबादेवीला ही खटपट नवी नाही. खोताच्या वाडीपासून चालत जाता येईल अशा कोलभाट लेनमध्ये निर्णयसागर छापखाना होता, 1869 मध्ये जावजी दादाजींनी सुरू केलेला. जावजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले आणि राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराच्या साथीने त्यांनी देवनागरीचे देखणे खिळे पाडले. तेव्हाही अक्षर वाचता येणारा आणि धातू कापता येणारा असे दोघे लागत होते.

मराठीसाठी हनस्पेलचे कोश बनले आहेत, पण त्यांत भर घालावी तेवढी थोडीच. मदतीसाठी कोडिंग यायलाच हवं असं नाही. बरोबर असूनही लाल रेघ येणाऱ्या शब्दांची यादी करायची, प्रत्येकाचं लिंग, अनेकवचन आणि ‘ला’ लावल्यावर होणारं रूप लिहायचं आणि कोश सांभाळणाऱ्यांना पाठवायची. डेव्हलपरला नेमकं हेच हवं असतं.

काही चुका मात्र असा कोश पकडू शकत नाही. ‘पक्षाला दाणे टाकले’ या वाक्याखाली रेघ येणार नाही, कारण ‘पक्षाला’ हा शब्द बरोबरच आहे, फक्त तो राजकीय पक्ष आहे. पक्ष्याला दाणे टाकायचे होते, हे समजायला पूर्ण वाक्य वाचावं लागतं. आणि रोज नवे शब्द येतातच. ‘रील’ ती की ते? अनेकवचन ‘रील्स’ की ‘रिली’? ‘रीलमध्ये’ लिहायचं की ‘रिलीत’? त्या फायलीत ‘रील’पुढे कोणती खूण करायची, हे अजून मराठी बोलणाऱ्यांचंच ठरायचंय.