मातीची टाइल : वाळणे वेगळे, भाजणे वेगळे

महाड-पोलादपूर भागातल्या जुन्या घरांवरचे कौल, कुंभाराचे मडके आणि भिंतीवरची रंगीत टाइल ही तिन्ही एकाच कुळातली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यामागचे विज्ञान चारपाच मित्रांना घरच्या पडवीतही तपासून पाहता येते.

सुरुवात मातीपासून करू. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड करत समुद्राकडे जाते. तिच्या काठची माती बरणीतल्या पाण्यात ढवळून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यानंतर आणि चिकणमाती सर्वांत शेवटी. आपल्याला हवा तो हा वरचा, बारीक थर. त्याचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात. मधल्या पाण्यामुळे ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून मातीला हवा तो आकार देता येतो.

पाणी उडाले की कण जवळ येतात आणि टाइल आक्रसते. कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो, म्हणून टाइल वाकते किंवा तडकते. यावर उपाय सोपा आहे. मातीत विटेचा चाळलेला भुगा मिसळा, टाइल फडक्याखाली सावकाश वाळवा आणि रोज उलटा.

आता एक गणित. ओल्या टाइलवर १० सें.मी.ची रेघ ओढा. भाजल्यावर ती ९.२ सें.मी. भरली, तर आकुंचन ८ टक्के झाले. मग १० सें.मी.ची टाइल हवी असल्यास ओली किती कापावी? विद्यार्थी १०.८ म्हणतील. बरोबर उत्तर १० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे १०.९ सें.मी.

वाळलेली टाइल पाण्यात टाकली तर तिचा पुन्हा चिखल होतो. भाजलेलीचा होत नाही. असे का? चिकणमातीतील केओलिनाइट या खनिजात वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी रासायनिक बंधाने बांधलेले असते. ते साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला निघून जाते आणि मूळ रचनाच मोडते. त्याहून अधिक तापमानाला कण एकमेकांना चिकटतात. घरातली भट्टी २५० अंशांच्या आसपास थांबते, म्हणून तिथे टाइल फक्त वाळते, भाजत नाही. त्यासाठी कुंभाराचा आवा, वीटभट्टी किंवा विजेची भट्टी हवी.

पावसाळ्यात विशेष जपावे. हवा दमट असल्याने टाइल वरून कोरडी दिसली तरी आत ओल राहते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते, आणि घाईने तापवलेली टाइल फुटते. तिचे तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. म्हणून सुरुवातीची आच मंद ठेवावी आणि भट्टीपाशी मोठे माणूस हवेच.

रंगासाठी गेरू पातळ मातीत कालवून कच्च्या टाइलवर लावा. त्यातले लोहाचे ऑक्साइड भरपूर हवा मिळाली तर तांबडे राहते. धुराने कोंडलेल्या आव्यात तेच काळपट होते. चकाकी देणारी झिलई म्हणजे टाइलवर वितळून बसलेला काचेचा थर. त्यात कोबाल्टने निळा आणि तांब्याने हिरवा रंग येतो. शिसे असलेली झिलई मात्र मुलांच्या हाती देऊ नये, शिसे विषारी आहे. कोरड्या मातीची धूळही छातीत जाऊ देऊ नये. ओल्या फडक्याने पुसावे.

वर्गात तीन तुकडे ठेवा : ओला, वाळलेला, भाजलेला. प्रत्येकाचे वजन आणि रेघेची लांबी मुलांना नोंदवू द्या, मग शेवटचे दोन पाण्यात टाका. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतील फरक त्यांना आपोआप दिसेल.