देवीची तसबीर आणि चिनीमातीची चौकट

पितृपक्ष सरत आला की घटस्थापनेच्या ओढीने घरोघर साफसफाई सुरू होते. भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात आणि पावसाळ्याने त्यांच्या पाठीमागे काय केले आहे ते उघडकीस येते. पंढरीत आमचे घर चंद्रभागेपासून फारसे दूर नाही. भिंतीला ओल, पुठ्ठ्याला कसर, काचेआड पिवळे डाग, हे सारे आमच्या नित्य परिचयाचे. तथापि २०२३ च्या भाद्रपदात जे घडले, त्याला आमच्या मनाची तयारी नव्हती.

तुळजापूरची श्रीभवानी आमची कुलस्वामिनी. मातोश्रींनी यात्रेहून आणलेले देवीचे छायाचित्र, तेही हाताने रंगविलेले, जवळजवळ अर्धशतक आमच्या देवघराच्या भिंतीवर होते. काच आतून पुसावी म्हणून आम्ही तसबिरीचे खिळे काढले. कागद काचेला धरून बसला होता. जन्मभर श्रोत्यांना धीराची महती सांगणाऱ्याने येथे धीर धरावयास हवा होता. आम्ही कागद ओढला. कागद सुटला, देवीचे मुख मात्र काचेवरच राहिले. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच अधिक बोचले.

छायाचित्राच्या कागदावर सरसासारखा एक थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि टेकलेल्या काचेला चिकटतो, एवढी साधी गोष्ट आम्हांस छायाचित्रकाराने नंतर सांगितली. अशी तसबीर कोणाच्या घरी असेल, तर त्यांनी कागद ओढू नये. काचेसकट तशीच छायाचित्रकाराकडे न्यावी आणि काचेवरूनच प्रत काढून घ्यावी.

सुदैवाने त्याच यात्रेत घेतलेली दुसरी प्रत सोलापुरास थोरल्या भगिनींकडे होती. आक्का ती घेऊन स्वतः आल्या, छायाचित्रकाराकडेही स्वतःच घेऊन गेल्या. आमच्या हाती मात्र त्यांनी ती दिली नाही.

एवढ्याशा कागदाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, स्वतः भगवंतांनी उद्धवास प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. चित्ररूप प्रतिमा तेथे पाषाणमूर्तीच्या पंक्तीत बसली आहे. मग तिचे घर आपण निष्काळजीपणाने का बांधावे?

नवी चौकट घरीच करावयाची ठरली. स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेल्या चिनीमातीच्या फरश्यांपैकी काही उरल्या होत्या. त्यांचेच दोन इंची चौरस तुकडे गवंड्याकडून कापून घेतले. देवघरात ही वस्तू लाकडाहून बरी. तिला कसर लागत नाही, तिची चकाकी पाणी पीत नाही, आणि नऊ दिवसांच्या नंदादीपाची काजळी ओल्या फडक्याने निघून जाते. मातीचे भांडे पुन्हा भाजले की शुद्ध होते, असे मनुस्मृती सांगते. ही माती तर आधीच प्रखर भट्टीतून निघालेली असते.

आठ बाय दहा इंचांच्या छायाचित्राभोवती दोन इंची तुकड्यांची एक रांग फिरविली की बरोबर बावीस तुकडे लागतात. खाली बारा मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे. प्रत्येक दोन तुकड्यांत दोन मिलिमीटरचा सांधा सोडावयाचा असल्याने बारा बाय चौदा इंचांच्या हिशेबावर दोन्ही बाजूंस अर्धा इंच अधिक धरावा. आम्ही तो प्रथम धरला नाही, आणि शेवटचा तुकडा फळीबाहेर डोकावू लागला. गवंडी हसला, नातू त्याहून अधिक. चिकटविण्यापूर्वी सारे तुकडे कोरडेच मांडून पाहावेत, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

फरशीचा तयार मसाला लावून तुकडे बसवावेत आणि एक अहोरात्र हात लावू नये. मग सांध्यांत पांढरे सिमेंट भरून ओलसर स्पंजाने वरचा लेप पुसून घ्यावा. पांढरा सांधा तेल आणि कुंकू तत्काळ पितो व मग डाग निघत नाही. म्हणून त्यात थोडा गेरूसारखा तांबडा रंग मिसळलेला बरा.

मधल्या खोलगट जागेत छायाचित्र, त्यावर जाड पुठ्ठ्याची अरुंद कड, आणि मग काच. ही कडच मुख्य. तिच्यामुळे काच आणि कागद यांत हवा राहते. काचेच्या कडेने बारीक लाकडी पट्टी ठोकावी. पाठीमागे चार कोपऱ्यांना लहान लाकडी ठोकळे लावावेत, म्हणजे चौकट ओल्या भिंतीला टेकत नाही. सिद्ध चौकट दोन किलोंच्या आसपास भरते, तेव्हा एका खिळ्यावर विसंबू नये. भिंतीत दोन स्क्रू पक्के बसवावेत. समई तसबिरीच्या अगदी खाली ठेवू नये, काच तडकते.

हल्ली चित्रच फरशीवर छापून मिळते. वस्तू टिकाऊ खरी. पण तिला खास लेपाची फरशी आणि तापयंत्र लागते, ते काम घरचे नव्हे. त्या देवांच्या फरश्या आम्ही इमारतींच्या जिन्यांत, लोकांनी थुंकू नये म्हणून, गुडघ्याइतक्या उंचीवर बसविलेल्या पाहतो, तेव्हा मान खाली जाते. देवाला पहारेकरी नेमावयाचे, तेही पिचकारीच्या तोंडी! जिना स्वच्छ राहत असेलही. आम्हांस तो व्यवहार मान्य नाही.

प्रतिपदेस चौकट भिंतीवर चढली, घट बसला, पहिली माळ लागली. आक्का पुष्कळ वेळ पाहत उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “ती जुनी काच काय केलीस रे?”

भंगलेली प्रतिमा जलात विसर्जावी, हे आम्हीच लोकांस सांगत आलो. परंतु काच आणि रसायनाचा कागद चंद्रभागेत सोडण्यास हात धजला नाही. तेथे उद्या वारकरी अनवाणी उतरणार. आणि काचेवरचे ते मुख खरवडून काढणे तर आमच्याने होणारच नव्हते. आम्ही पोथ्यांची पेटी उघडली. मातोश्रींच्या जुन्या रेशमी वस्त्रात गुंडाळलेली काच आक्कांनी दोन्ही हातांनी उचलली, मस्तकी लावली आणि पुन्हा होती तेथेच ठेवली.