‘तेज चल’ आणि ‘ईना मीना डीका’

‘ऐ मेरे वतन के लोगों’ आणि ‘ईना मीना डीका’ या दोन्ही गाण्यांना चाल लावणारा माणूस एकच, असं मी डॉर्ममध्ये सांगितलं तेव्हा कोणी मानायला तयार होईना. पहिलं गाणं आपण दर २६ जानेवारीला मान खाली घालून ऐकतो. दुसरं सहलीच्या बसमध्ये सीट बडवत म्हणतो. पण खरंच माणूस एकच आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, गाव पुणतांबे, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. कवी प्रदीप यांचं ‘ऐ मेरे वतन’ लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर गायलं. ‘ईना मीना’ त्याच्या सहा वर्षं आधीचं, १९५७ च्या ‘आशा’ सिनेमातलं.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या हाउसची बँड स्पर्धा. मी साइड ड्रम वाजवतो. देशभक्तिपर गाण्यानंतर ‘ईना मीना’ घ्यावं, असं आम्ही सुचवलं. बँडच्या उस्तादांनी विचारलं, “ये मार्च है क्या?” मार्च नाही, हे खरंच. मग ते म्हणाले, आधी हे काय आहे ते समजावून सांग, मग बघू. मित्रांनो, तेच समजावणं इथे लिहून काढतो आहे.

सुरुवात पायापासून करू. ‘तेज चल’ म्हटलं की मिनिटाला १२० पावलं, आणि बेस ड्रमचा ठोका डाव्या पायावर. एक, दोन, तीन, चार मोजलं तर जोर एक आणि तीनवर. रॉक अँड रोलमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे साइड ड्रमचा कडक ठोका दोन आणि चारवर येतो, म्हणजे आपल्या उजव्या पायावर. याला बॅकबीट म्हणतात. परेडमध्ये ठोका पाय जमिनीवर घट्ट ठेवतो, बॅकबीट तो जमिनीवरून उचलतो. विश्वास नसेल तर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये चालत चालत फक्त उजव्या पायावर टाळी वाजवून बघा. दहा पावलांत खांदे हलायला लागतात, आणि ड्रिलमध्ये तर आपल्याला खांदे न हलवायलाच शिकवतात! चार वर्षं डाव्या पायावर ड्रम वाजवलेल्या मुलाला हा ठोका जमवायला वेळ लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

हा ठोका आला अमेरिकेच्या दक्षिणेकडून. मिसिसिपी राज्यात कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांचं गाणं म्हणजे ब्लूज. त्याचा सांगाडा इतका साधा आहे की हार्मोनियम येणारं कोणीही तो धरू शकेल. एकूण १२ घरं, प्रत्येक घरात चार मात्रा. पहिली चार घरं ‘सा’च्या सुरावळीवर, मग दोन ‘म’वर, दोन परत ‘सा’वर, एक ‘प’, एक ‘म’, आणि शेवटची दोन ‘सा’. शब्दही तसेच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. (आपल्या एकतालाच्या १२ मात्रांशी याचा संबंध नाही, माझा आधी तसा समज होऊ पाहत होता.) तीन सुरावळ्यांत गाणं पूर्ण होत असल्यामुळे ज्याच्याकडे स्वस्तातली गिटार आहे आणि शिकवायला कोणी नाही, तोसुद्धा गाऊ शकतो.

आता मेम्फिस शहर, ५ जुलै १९५४. सॅम फिलिप्स यांच्या छोट्या स्टुडिओत एल्विस प्रेस्ली नावाच्या १९ वर्षांच्या पोराने आर्थर क्रडप या ब्लूज गायकाचं गाणं दुप्पट उत्साहाने गायलं. सोबत फक्त दोघं, स्कॉटी मूर गिटारवर आणि बिल ब्लॅक उभ्या बेसवर. ड्रम नव्हताच! बिल ब्लॅक बेसची तार ओढून लाकडावर आपटायचा, त्या ‘टक’ आवाजाने ड्रमचं काम केलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्यांनी डोंगराळ भागातलं तीन मात्रांचं एक संथ गाणं घेतलं आणि त्याला चार मात्रांत पळवलं. ब्लूज आणि डोंगरी गाणं यांच्या या मिश्रणाला पुढे रॉकबिली म्हणू लागले. एल्विस करोडपती झाला. क्रडप यांना स्वतःच्या गाण्यांचे हक्काचे पैसे आयुष्यभर नीट मिळाले नाहीत. हे वाचल्यापासून मला ते गाणं पूर्वीइतकं आनंदाने ऐकता येत नाही.

हे मुंबईला कसं पोचलं? रस्ता जुनाच होता. १९३५ मध्ये लिऑन अॅबी आपला कृष्णवर्णीय जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले होते. त्यांच्यासारख्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात वाजवायची आणि दिवसा फिल्म स्टुडिओत. त्यातले एक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाले, सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणत. ते सी. रामचंद्रांचे सहायक होते. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये ते पडद्यावरही दिसतात. त्या सिनेमाचे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. म्हणजे पुणतांब्याची चाल, हळदोण्याचा ट्रम्पेट आणि गिरणगावचा नाच. ‘ईना मीना’च्या वेळीही गोव्याच्या एका वादकाने बोलांत कोकणी शब्द घातले, असं सांगतात.

“पण ही नक्कलच ना?” असं आमच्या हाउसमधल्या एकाने विचारलं. मला तसं वाटत नाही. एल्विसनेही दुसऱ्याचंच उचललं होतं. प्रश्न एवढाच की उचललेलं आपल्या बोलीत आणता येतं का. निरर्थक शब्दांचं ते गाणं आज साठ-सत्तर वर्षांनंतरही लहान मुलं न शिकवता म्हणतात.

सुट्टीत मी चंदीगडला, सेक्टर ३४ मध्ये असतो. बाबांची पोस्टिंग तिकडे आहे. आमच्या सेक्टरमध्ये दोन गोष्टी फार, कोचिंग क्लास आणि प्रदर्शनाचं मोठं मैदान. १४ डिसेंबर २०२४ ला त्या मैदानावर दिलजीत दोसांझचा कार्यक्रम होता. उच्च न्यायालयाने आवाजाला ७५ डेसिबलची मर्यादा घातली होती, त्यामुळे घराघरांत संगीतापेक्षा डेसिबलचीच चर्चा जास्त. आमच्या खोलीत शब्द एकही येत नव्हता, सूरही नाही, नुसता ठोका येत होता. भिंत उंच स्वर अडवते, खालच्या लहरी आत येतात. श्रीरामपूरकडची माझी आजी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “पंजाब्यांचा ढोल नि आपली ढोलकी, भिंतीपलीकडून सगळं सारखंच रे.” मग तिनेच चितळकर अण्णांचा विषय काढला, आणि पुणतांबं तिच्या माहेरापासून किती जवळ हेही सांगितलं. माझा सगळा शोध तिथून सुरू झाला.

त्यानंतर मामेभावाने मला एक अल्बम ऐकवला, ‘साँग्ज द लॉर्ड टॉट अस’, १९८० चा, द क्रॅम्प्स या अमेरिकन बँडचा. तोपर्यंत पंक आलं होतं. पंक म्हणजे तीन सुरावळ्या, प्रचंड वेग, आणि उगाच लांबण नाही. रमोन्स या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. क्रॅम्प्सने तो वेग घेतला आणि अल्बम करायला मुद्दाम मेम्फिसला, त्याच सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत गेले. दोन गिटार, एक ड्रम, आणि बेस नाहीच. एल्विसकडे ड्रम नव्हता, यांच्याकडे बेस नाही! शब्द भुताखेतांच्या सिनेमांतले, पालकांनी घाबरू नये. पण ड्रम ऐका. साधा, घट्ट, एकही फालतू ठोका नाही. उस्तादांना आवडेल असा.

त्याच्या थोडं आधी, १९७९ मध्ये, लंडनच्या द क्लॅशने ‘लंडन कॉलिंग’ काढला. कव्हरवरची गुलाबी-हिरवी अक्षरं एल्विसच्या १९५६ च्या अल्बमवरून घेतलेली. चित्रात त्यांचा बेसवाला स्टेजवर बेस आपटून फोडतो आहे. आपल्याकडे सरकारी सामान असं फोडलं असतं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली असती. मला क्रॅम्प्सच जास्त आवडतात.

तर उस्ताद, आमची मागणी अशी. आधी ‘ऐ मेरे वतन’, बासरी आणि बिगुलवर, ड्रम अगदी हळू. मग चार मात्रा शांतता. मग साइड ड्रम उजव्या पायावर, आणि ‘ईना मीना’ दोन मिनिटं. खांदे हलणार नाहीत याची हमी वादकांपुरती देतो, प्रेक्षकांची नाही. यादी शनिवारी संध्याकाळी बंद होते.