केडगावच्या बाईंनी काय वाचले? (लेखांक ६)

कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या, आमच्या दौंडच्या मंडळीतल्या एका तरुणाने गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर मला दाराशीच गाठले. "काका, जेवणाच्या सुट्टीत रोज तोच विषय निघतो. तुमचे देव तीन का एक? एखादं पुस्तक सांगा, वाचलं की समोरचा गप्प झाला पाहिजे." असे पुस्तक मी अजून पाहिलेले नाही, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. हा लेखांक त्याच्यासाठी, आणि रांजणगावच्या कारखान्यांत किंवा शिरूरच्या कॉलेजात असाच प्रश्न अंगावर घेणाऱ्यांसाठी.

गंमत म्हणजे त्याचाच प्रश्न याच तालुक्यात केडगावला येऊन राहिलेल्या एका बाईंनी कधीचाच विचारून ठेवला आहे, आणि तोही बाप्तिस्मा घेतल्यानंतर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना जी पत्रे लिहिली, त्यांत त्र्यैक्याबद्दलच्या शंका उघड मांडल्या आहेत. मंडळीने सांगितले म्हणून मान डोलवायची बाईंची तयारी नव्हती. सिस्टरांच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. यावर बाईंचे म्हणणे असे की लॅटिनच का? आमच्या संस्कृतात काय कमी आहे? सिस्टर जेराल्डिन वैतागत, पुन्हा समजावत, पुन्हा वैतागत. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली पुस्तकरूपाने काढला. संपादक अ. भि. शहा. पुस्तक इंग्रजीत आहे, पण इंग्रजी फार अवघड नाही. विश्वासाच्या समर्थनाचे पहिले पुस्तक म्हणून मी हेच सुचवतो, कारण यात विचारणारी बाजू उत्तर देणाऱ्या बाजूपेक्षा दुबळी नाही.

आता बाईंनी स्वतः काय वाचले ते बघू. त्यांनी १९०७ साली आपली साक्ष इंग्रजीत लिहिली, तिच्यात हे सगळे येते. लग्नानंतर सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानसे पुस्तक सापडले. ते तिथे कसे आले, त्यांना ठाऊक नव्हते. उघडून पाहिले तर बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान. पती बिपिन बिहारी मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबलची चांगली ओळख असलेले, पण बायकोने बाप्तिस्मा घ्यावा हे त्यांना मुळीच रुचणारे नव्हते. मिशन शाळेत शिकून आपली वाट न सोडणारी माणसे आपण घोडनदीतही पाहतोच. अमेरिकन मराठी मिशनचे ते जुने ठाणे. असो.

दुसरे नाव नीलकंठ शास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे. आपल्या विषयात यांच्याइतका उपयोगी माणूस मला दुसरा दिसत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. चित्पावन घराणे, वास्तव्य काशीत. जॉन म्यूर या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ साली 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला. त्याला संस्कृतातच उत्तरे आली. पहिले सुबाजी बापूंचे, आणि १८४४-४५ मध्ये या तरुण गोऱ्यांचे 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. ख्रिस्ती मताचे खंडन करणारा हा पंडित मिशनऱ्यांना गप्प करायला जात असे, म्हणजे आमच्या कुरकुंभच्या दोस्ताचाच बेत, फक्त उलट बाजूने. १८४८ मध्ये याच माणसाने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहा दर्शनांची ख्रिस्ती दृष्टीने झडती घेतली. दोन्ही बाजूंचे ग्रंथ एकाच हाताचे. गोऱ्यांच्या लिखाणाचा आपल्या निर्णयात मोठा वाटा होता, हे रमाबाईंनी मान्य केले आहे. आणि एवढे ग्रंथ लिहिणाऱ्या गोऱ्यांना शंकांनी जन्मभर सोडले नाही. ही गोष्ट आपल्या तरुण संघात कुणी सांगत नाही, सांगायला हवी.

तिसरे पुस्तक मात्र वादाचे नाहीच. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त. व्यासपीठावर स्वतः उपदेश करता करता या गृहस्थाचे परिवर्तन झाले! रमाबाईंनी ते बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी वाचले आणि त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून नाही. प्रमाणे पटली होती, पण तेवढ्याने भागले नव्हते.

आता लोक हमखास सुचवतात ते सी. एस. लुईस. त्यांचे 'मिअर ख्रिश्चॅनिटी' युद्धकाळातल्या बीबीसीवरच्या भाषणांतून तयार झाले आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आले. पुस्तक उत्तम आहे, जरूर वाचा. पण कुणाशी वाद चालला आहे तेही बघा. लुईस स्वतः एके काळी नास्तिक होते आणि देव आहे का, इथपासून सुरुवात करतात. कुरकुंभच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. समोर डबा उघडून बसलेला माणूस एकादशी करतो, वारीला जातो. देव आहे हे त्याला तुमच्याइतकेच पक्के माहीत आहे. तो विचारतो, तुमचाच खरा कशावरून? आणि मनातून विचारतो, तुमच्या आजोबांनी धर्म बदलला तो पोटासाठीच ना?

या दुसऱ्या प्रश्नाला लुईसकडे उत्तर नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त शोधा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्या एका दिवसाने घराचे काय झाले, हे लक्ष्मीबाईंनी कुणावर दात न ठेवता लिहिले आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा पुढे पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत जाऊन. विरुद्ध बाजूचे वाचायचे तर 'समुद्रकिनारीचा वादविवाद' बघा. १८५७ च्या सुरुवातीला मुंबईच्या किनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. त्यांचा वृत्तांत मिशनरी जॉर्ज बोएन यांनीही इंग्रजीत छापला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की बावांचे काही प्रश्न आपल्याला आजही झोंबतात. झोंबू द्या.

मूळ शास्त्राशिवाय हे सगळे वाचन लंगडेच. इथे पुन्हा केडगाव. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा रमाबाईंना खटकत होती. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल असे संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत केले. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवले ते तिथल्याच मुलींनी आणि बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. भाषा काही ठिकाणी अडखळते, शब्दाला शब्द ठेवण्याचा हट्ट दिसतो. तरी एखादे अवघड वचन नेहमीच्या शास्त्रात वाचून मग यात वाचले की अर्थाची गाठ सुटते.

पुढच्या लेखांकात लूकचा पहिला अध्याय घेऊ, तेवढा वाचून ठेवा. आणि एक विनंती. दौंड, पाटस, केडगाव, शिरूरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत आजीच्या पेटीत रमाबाईंचे हे बायबल अजून असू शकते. पाने पिवळी पडली, वाळवी लागली म्हणून रद्दीत घालू नका. आपल्या पाळकांना आधी दाखवा.