चाल, मैफल, शिकवणी आणि संगणक

मुंबई–हावडा लोहमार्गावरचं धामणगाव रेल्वे हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या बाजाराचं गाव. इथली मुलगी पेटी शिकत असेल आणि बारावीनंतर संगीतातच पुढे जायचं म्हणाली, तर घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाण्यानं पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याला चिकटून येणारा दुसरा समज मला मान्य नाही. संगीत करायचं तर फक्त संगीतच करावं, नोकरी धरली की कला संपली, असा तो समज. आपल्याच भागातल्या कलावंतांची आयुष्यं त्याच्या उलट साक्ष देतात.

याच लोहमार्गावर बडनेऱ्याच्या पलीकडे मूर्तिजापूर आहे. तिथे 2 मे 1920 रोजी वसंतराव देशपांडे जन्मले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे तालीम झाली. भालजी पेंढारकरांच्या 1935 च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात त्यांनी बालकृष्ण उभा केला. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे मारवा घोटला. आणि मग पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केली, तीही वर्षानुवर्षं. नोकरीपायी नेफासारख्या दूरच्या मुलखात बदली सोसली. तबला ते उत्तम वाजवत. नाट्यसंगीतावर सप्रयोग बोलत, तेव्हा गवई आणि शिक्षक यांच्यातली रेघ पुसली जाई. नोकरी सुटली आणि 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. वसंतरावांच्या गाण्यातली ती अनपेक्षित, झेपावणारी लय तबल्यावर बसलेल्या हाताची आहे, आणि खाँसाहेबांच्या तोंडचा प्रत्येक शब्द पोचतो तो लहानपणापासून केलेल्या अभिनयामुळे. एकच एक काम केलेल्या गवयाला हे साधलं असतं, असं मला वाटत नाही.

खुद्द अमरावती जिल्ह्यातलीही दोन नावं घ्यायला हवीत. यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी भजनं रचली, त्यांना चाली दिल्या, खंजिरीवर ती गायली आणि मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावच्या भजनी मंडळांना शिकवली. दुसरे आष्टगावचे गझलनवाज भीमराव पांचाळे. चाल तेच लावतात, मैफल तेच करतात आणि नव्या कवींसाठी गझल कार्यशाळाही तेच घेतात. शेर कुठे मोडायचा, कुठला शब्द पुन्हा घ्यायचा, हे शिकवताना स्वतःच्या गाण्याचीही रोज तपासणी होते. शिकवणं हे उतारवयातलं काम मानणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावं.

चाल, मैफल आणि शिकवणी झाली; राहिला संगणक. इथे माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं श्रीधर फडके यांचं. संगीतकार सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचा मुलगा म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत; त्यांनी एअर इंडियात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केली हे कमी जणांना ठाऊक असतं. ‘ओंकार स्वरूपा’, ‘ऋतू हिरवा’, ‘तेजोमय नादब्रह्म’ हे त्यांचे गीतसंग्रह मराठी घराघरांत वाजले. ते गीतरामायण मंचावरून गातात, सुगम संगीताच्या कार्यशाळा घेतात. रचना, सादरीकरण, शिक्षण आणि संगणक, चारही गोष्टी एकाच माणसात आल्या. त्यांच्या चालींत ओळीचं वजन जागच्या जागी बसतं, शब्द फरफटत नाही. ही शिस्त घरच्या संस्कारांतून आली की कामाच्या सवयीतून, हे कुणी मोजू शकणार नाही. नोकरीनं ती बिघडवली नाही, एवढं मात्र नक्की.

फडक्यांच्या आयुष्यात संगीत आणि संगणक शेजारी नांदले. काहींनी दोन्ही एकमेकांत मिसळले. बंगळुरूचे जी. राज नारायण हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते आणि बासरीवादक. रियाजाला तंबोऱ्याची साथ नेहमी कुठून आणायची, या गरजेतून त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला. आज तालुक्याच्या गावातला विद्यार्थी मोबाइलवर तंबोरा लावून बसतो, त्याची सुरुवात अशा माणसांपाशी आहे. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक वैद्यकशास्त्र शिकलेले आणि गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. पेटीवर श्रुती मिळत नाहीत ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांनी 22 श्रुतींची पेटी बनवून तिला उत्तर दिलं.

या तक्रारीचं मूळ समजून घेण्यासारखं आहे, कारण संगणकातही तेच आहे. पेटीप्रमाणे संगणकी वाद्यांतही सप्तकाचे बारा सारखे भाग धरलेले असतात. एक सप्तक म्हणजे 1200 सेंट, प्रत्येक स्वर 100 सेंटवर. या हिशेबानं शुद्ध गंधार 400 वर येतो. पण नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो 386 च्या आसपास असतो. हा 14 सेंटचा फरक तयार कानाला खुपतो. 1983 साली आलेल्या आणि पुढे जगभर रूढ झालेल्या, वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या मिडी पद्धतीत स्वरांना 0 ते 127 असे क्रमांक आहेत, मधला षड्ज पांढरी एकच्या पट्टीवर 60. मींड घ्यायची तर 60 आणि 61 यांच्यामधल्या वाटेला क्रमांकच नाही. ती वेगळ्या आज्ञेनं, सूर वाकवून घ्यावी लागते. दरबारीचा आंदोलित गंधार कसा झुलतो हे गळ्यात बसलेलं नसेल, तर ती आज्ञा कितीशी आणि केव्हा द्यायची हे निव्वळ संगणक शिकलेल्याला कळणार नाही. आणि निव्वळ गवयाला ती लिहिता येणार नाही. दोन्ही येणारी माणसं म्हणूनच हवी आहेत.

पश्चिमेत हे लवकर घडलं. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 साली संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं. ते स्वतः व्हायोलिन वाजवत. त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या लॉरी स्पीगल संगीतकार, वादक, शिक्षक आणि प्रोग्रॅमर. 1986 मध्ये त्यांनी ‘म्युझिक माउस’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केप्लरच्या ग्रहगणितावर बेतलेली त्यांची संगणकी रचना आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. मला या शेजाराचं फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे अडतं कुठे? गावात संगीताचा वर्ग असतो, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा मुलं देतात. शेजारच्या इमारतीत संगणकाचा वर्ग असतो. दोन्हीकडची मुलं पुष्कळदा तीच, पण एका वर्गातला शिक्षक दुसऱ्या वर्गात पाऊल टाकत नाही. त्यामुळे विशारद झालेली मुलगी स्वतःची बंदिश ध्वनिमुद्रित करू शकत नाही, आणि प्रोग्रॅमिंग शिकलेल्या मुलाला ठेका लिहून पाहावासा वाटत नाही.

धामणगाव, चांदूर, मूर्तिजापूर, दर्यापूर इथल्या शाळा-महाविद्यालयांच्या चालकांना विनंती आहे: आठवड्यातून एक दुपार संगणकाची खोली पेटी-तबल्याच्या विद्यार्थ्यांना द्या. एक बरा मायक्रोफोन घ्या, फुकट मिळणारं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर बसवा. गावातल्या म्हाताऱ्या भजनी मंडळींना आधी बोलवा आणि त्यांच्या चाली नावानिशी, तारखेनिशी मुलांकडूनच मुद्रित करून घ्या. हे काम येत्या दिवाळीपर्यंत थांबवण्यासारखं नाही.